अंबडच्या माशाच्या पोटात

जालन्याहून अंबडची एसटी सुटली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. खिडकीशी जुई, मध्ये मी आणि कडेला अर्णव. जुई आठ वर्षांची, अर्णव बारा. माझ्या धाकट्या बहिणीची, उज्ज्वलाची ही मुलं. मी नाशिकहून चार दिवसांसाठी जुन्या जालन्यातल्या तिच्या घरी आले होते. खरं तर फिरायला आलेच नव्हते. "ताई, अर्णव बोलतच नाही गं," असा तिचा फोन आला होता, म्हणून आले होते.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत दोघं भोकरदनजवळ काकांच्या शेतावर गेली होती. तिथे शेततळं आहे (पाणी साठवायला खोदलेलं, आतून प्लॅस्टिक अंथरलेलं तळं). जुईकडे लक्ष ठेव, असं अर्णवला बजावलेलं होतं. प्लॅस्टिकवरून पाय घसरला आणि जुई पाण्यात गेली. मोटरीचा पाइप हाती लागला म्हणून ती तरंगत राहिली. शेतावरच्या दगडूकाकांनी धावत येऊन तिला वर ओढलं. दोन दिवसांत ती पुन्हा उड्या मारू लागली. अर्णव मात्र गप्प झाला तो झालाच. विचारलं तेवढंच उत्तर. बहिणीचा हात धरेना, तिच्यासोबत शाळेलाही जाईना.

आदल्या संध्याकाळी मी सहज सांगितलं होतं, की अंबडची देवी ती मत्स्योदरी, तिचा डोंगर माशाच्या आकाराचा आहे म्हणतात. जुईचा घास हातातच राहिला. नंतर स्वयंपाकघरात येऊन ती माझ्या कानाशी लागली.

"मावशी, दादा तळ्यातच राह्यलाय. मी बाहेर आले, तो न्हाई आला. त्याला माशानं गिळलंय. उद्या जाऊन काढू आपण."

मला हसू आलं नाही. दीड महिन्यात घरातल्या कुणीही अर्णवचं दुखणं इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी कापूस सुरू झाला. मध्येच पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, मध्येच मोसंबीच्या बागा. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं. कंडक्टरने जुईला विचारलं, "देवीला चालल्या का?"

"न्हाई, माशाकडं," ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि तिकीट फाडून दिलं.

अंबडला उतरून डोंगराच्या पायथ्याशी आलो. मला तो कुठूनही माशासारखा दिसला नाही. पायरीवर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "जवळून न्हाई कळत, बाई. लांबून बघा." जुईला तेवढा धीर नव्हता. तिने डोंगर एकदा नजरेखालून घातला आणि पहिल्या पायरीवर उभी राहिली.

"हे शेपूट. इथून आत जायचं. दादा, डोळे मीट."

"काहून?" अर्णव म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

"आत अंधार असतो. मी जाऊन आलेय, मला रस्ता माहितीये. हात दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम डोंगराकडे पाहत राहिले. मग त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला.

थोड्याच पायऱ्यांनी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला हातात घेऊन मी अनवाणी त्यांच्या मागे चालू लागले. वाटेत एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती.

"अगं, हे लेकरू डोळे झाकून काहून चालून राह्यलं?"

"त्याला माशानं गिळलंय," जुईने सांगितलं.

"अगं माय! मंग जल्दी काढ बाई त्याला," ती म्हणाली आणि एक मोठा पेरू तिच्या हातावर ठेवला. "बाहेर आला की दे."

चढाच्या मध्यावर जुई थांबली.

"आता पोट आलं. इथं आपल्या पोटातलं बोलावं लागतं, मंगच मासा तोंड उघडतो."

अर्णव डोळे मिटून उभा. वारा होता. मला वाटलं, आता हा हात सोडवून घेणार. पण तो अगदी हळू म्हणाला, "तू पाण्यात होतीस आणि मी नुसता उभा होतो. माझे पाय हललेच नाहीत."

"हो, उभाच होतास," जुई म्हणाली. "पण केवढ्यानं ओरडत होतास! दगडूकाका, दगडूकाका! मला पाण्यातून ऐकू येत होतं. म्हणून तर मी पाइप सोडला न्हाई."

"मी ओरडलो?"

"मंग काय मी? माझ्या तोंडात पाणी होतं."

त्याने डोळे उघडले. जुईने तळहात ठेवून ते पुन्हा बंद केले, फ्रॉकने त्याचे गाल पुसले आणि त्याला तसंच वर नेलं. देवळापाशी पोचल्यावर म्हणाली, "उघड. आलं तोंड."

खाली अंबडची घरं आणि त्यांच्या पलीकडे दूरवर शेतं दिसत होती. अर्णवने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मावशी, दगडूकाकांना फोन लाव ना."

मी शेतावर मुलांच्या काकांना फोन लावला, त्यांनी तो दगडूकाकांकडे दिला. मी आवाज मोठा केला.

"अरे बाबा, तुझी हाक ऐकूनच तर पळत आल्तो मी! पार बांधाच्या पल्याड कापूस येचून राह्यल्तो. तू वरडला नसता तर मला पत्ताच न्हाई लागला असता. दोन दिस गळा बसल्ता की तुझा!"

गळा बसला होता खरा. उज्ज्वलाने सर्दी समजून त्याला हळदीचं दूध दिलं होतं.

अर्णव तिथेच पायरीवर बसला आणि पोटभर रडला. जुई त्याच्याजवळ बसून पेरूचे दोन भाग करत होती. मग उज्ज्वलाने बांधून दिलेले तीन धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, थापलेल्या भाकऱ्या) त्याने एकामागून एक दह्यासोबत खाल्ले. आम्ही देवीचं दर्शन घेतलं. पाया पडताना मला काही मागायचं सुचलंच नाही.

परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं, आम्ही मोठ्यांनी या मुलाला 'तुझी काही चूक नव्हती' हे कितीदा सांगितलं. त्या दिवशी काय काय झालं, हे मात्र कुणी त्याच्याजवळ बसून विचारलं नाही. त्याला दुखवायचं नव्हतं, असं आम्ही समजत होतो. खरं तर ऐकायला आम्हीच घाबरत होतो. पाण्यात जी पडली होती, ती घाबरली नाही. मी डोळे मिटून घेतले, आणि लगेच उघडावे लागले, कारण खिडकीत कुणी बसायचं यावरून दोघांची जुंपली होती.

जुन्या जालन्यात रिक्षातून उतरलो तरी भांडण चालूच होतं. उज्ज्वला वरच्या मजल्यावर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. गल्लीतला मोठा आवाज ऐकून तिने वाकून पाहिलं. कोण ओरडतंय हे ओळखायला तिला एक क्षण लागला. मग हातातले कपडे तिथेच टाकून ती जिन्याकडे धावली.