ताडपत्रीचं सरोवर

पाणी माझ्या कमरेच्या वर आलं होतं आणि सबनीस पोटमाळ्याच्या शिडीवर उभा राहून आपत्ती कक्षातल्या माणसाशी फोनवर वाद घालत होता.

"साहेब, तो तलाव नाही. चाळ आहे. लोक राहतात इथे. मी आत उभा राहून बोलतोय."

फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे पलीकडचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "सर, माझ्यासमोर नकाशा आहे. तुम्ही सांगताय त्या जागी तलाव आहे. तलावात पाणी असणारच."

"तो नकाशा मीच केलाय."

"मग झालं ना सर. तुम्ही केलाय म्हणजे बरोबरच असेल."

फोन बंद झाला. वर माळ्यावर शेजारची रेश्मा महिन्याचं पोर घेऊन बसली होती. माझे गुडघे शिडी चढत नाहीत, म्हणून मी खाटेवर उभी होते आणि खाट पाण्याखाली होती. खाडीची मोठी भरती दुपारी होती. म्हणजे पाणी अजून चढणार होतं आणि आमच्याकडे कोणी येणार नव्हतं, कारण कागदावर आम्ही नव्हतोच.

हा सबनीस कोण, ते सांगते.

ठाण्यात काचेच्या एका इमारतीत तो नकाशे करायचा. आकाशात उपग्रह फिरतो, तो फोटो काढतो, त्या फोटोवरून घर कुठे, झाड कुठे, पाणी कुठे हे कॉम्प्युटरला ओळखायला लावायचं, असं त्याचं काम. वय चाळीसच्या पुढे, अंगाने किरकोळ, शर्ट कायम इस्त्रीचा. अख्खं डोंबिवली त्याला वरून पाठ होतं. पण आमच्या कोपर स्टेशनला तो जन्मात कधी उतरला नव्हता. पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभा राहून लोकांना नकाशातल्या नव्या तलावाचा पत्ता विचारत होता. रांगेतल्यांना वाटलं, पुढे घुसायचा बहाणा आहे.

माझ्या दारात आला तरी दाराकडे बघेना. मान वर करून छप्पर बघत होता. त्याची ती सवयच होती. माणसाच्या तोंडाआधी त्याचं छप्पर बघायचा.

"काय हरवलंय का वर?" मी विचारलं.

"आजी, हा निळा रंग मी ओळखतो," तो म्हणाला. "वरून बघितलं की सगळं कळतं. खाली उतरलं की गोंधळ होतो."

मी त्याला चहा दिला. चौथीच्या पुढे मी शिकले नाही, पण समोरच्याला विचारायला शिक्षण लागत नाही. मी विचारलं, "तुझ्या त्या फोटोत मी दिसते का?"

"नाही. फोटो ठिपक्यांचा असतो. एक ठिपका दहा मीटरचा. तुमच्या खोलीने एक ठिपकासुद्धा पुरता भरत नाही."

"देवालाही असंच दिसत असणार," मी म्हटलं. "म्हणून तर ही दशा."

तो हसला नाही. विनोद त्याला दुसऱ्या दिवशी कळायचे. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा, नकाशा अचूक येण्याचा. "शंभर जागा तपासल्या तर नव्वदच्या वर बरोबर निघतात, आजी. जगात कुठेही एवढंच येतं."

"आणि उरलेल्या?"

"उरलेल्या चुकतात."

"त्या उरलेल्यांत आम्ही राहतो होय?"

यावर त्याने चहा संपवला.

आता ती चूक कशी झाली ते. आमच्या चाळीची एक पद्धत आहे. पावसाच्या आधी प्रत्येकाने वेगळं प्लास्टिक आणायचं नाही. सगळ्यांनी वर्गणी काढून कल्याणच्या बाजारातून एकच थोरली निळी ताडपत्री आणायची आणि या टोकाच्या खोलीपासून त्या टोकाच्या खोलीपर्यंत सलग ताणायची. मध्ये फट नको, गळती नको. पाऊस गेला तरी ती उतरत नाही, कारण आधी कोणाची बाजू सोडायची यावरून भांडण होतं. दिवाळीपर्यंत ती वर असते. उपग्रहाने फोटो काढला तो पाऊस संपल्यावर, आकाश मोकळं झाल्यावर. शेजारी खाडी, कडेला तिवरं, मध्ये हा लांबलचक सपाट निळा रंग. कॉम्प्युटरने काय ओळखायचं ते ओळखलं. आमची चाळ तलाव झाली.

सबनीसला हे कळलं ते इथे येऊन, ताडपत्री हाताने चाचपल्यावर. त्याचा चेहरा उतरला. "मी उद्याच दुरुस्त करतो," म्हणाला.

उद्या काही ते झालं नाही. नकाशा एव्हाना महापालिकेत पोचला होता आणि शहरात एक नवा तलाव सापडल्याचा तिकडे आनंद झाला होता. आमच्या भागातल्या पुढाऱ्याने लगेच त्याचं सुशोभीकरण मंजूर करून घेतलं. भोवती रेलिंग, चालायला ट्रॅक, बसायला बाकं आणि नौकाविहार. तलावाला त्याच्या वडिलांचं नाव दिलं. वडील हयातीत आंघोळीपुरतंही पाणी कोणाला देत नव्हते, हे मला माहीत आहे, कारण आमच्या चाळीचा नळ त्यांच्याच आवारात होता. एक दिवस चाळीच्या तोंडाशी पाटी लागली: सरोवरात पोहण्यास सक्त मनाई आहे. पाटी ठोकणारा माणूस चाळीकडे बघत होता, पाटीकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, मला काय, ऑर्डर आहे." त्याने ठोकली आणि गेला.

सबनीस त्याच्या ऑफिसातल्या साहेबांकडे खेटे घालत राहिला. त्याला उत्तर मिळालं की दुरुस्ती पुढच्या नकाशात होईल. पुढचा नकाशा पुढच्या मंजुरीनंतर. पुढाऱ्याला भेटला, तर तो म्हणाला, "सबनीससाहेब, आत्ता तलाव नाही म्हटलं तर रेलिंग कशाला लावायचं? काम थांबेल. विकासाच्या आड येऊ नका."

हे सांगायला तो दर शनिवारी आमच्याकडे यायचा. दर वेळी गल्ली चुकायचा. रेश्मा दारातून ओरडायची, "ओ नकाशावाले, इकडे इकडे. तिकडे गटार आहे." तो ओशाळून वळायचा. मी म्हणायचे, "अरे, ऑफिस ऐकत नाही तर सोड की." त्याचं उत्तर ठरलेलं. "आजी, चुकीचा ठिपका माझा आहे."

मला हे बोलणं मूर्खपणाचं वाटायचं. अजूनही वाटतं.

त्या दिवशी शनिवार नव्हता. सकाळीच मोडलेली छत्री घेऊन आला. म्हणाला, "पाऊस आणि भरती एकदम आहेत. भोंग्याची गाडी सगळ्या वस्त्यांत फिरतेय, लोकांना शाळेत हलवतेय. तुमच्याकडे ती येणार नाही. म्हणून मी आलो."

आम्ही हललो नाही. खोली सोडली की मागे चोरी होते, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. शिवाय सरकारी गाडी आली नाही तर संकट खरं कसं मानायचं? "सबनीस, तुमचं कधी बरोबर आलंय?" असं रेश्माच्या नवऱ्याने तोंडावर विचारलं. तरी तो परत गेला नाही. तासाभरात पाणी उंबऱ्यावर आलं, नंतर रस्ताच दिसेना.

तर तो शिडीवर होता आणि फोन बंद झाला होता. त्याने खाली चढणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग परत नंबर लावला. तोच माणूस.

"साहेब, मघाशी माझं चुकलं," सबनीस म्हणाला. "तो तलावच आहे. आणि तलावात माणसं बुडतायत."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" पलीकडे एकदम धावपळ ऐकू आली. "तलावाला बोट आहे आपली. जीवरक्षक आहेत. नौकाविहाराच्या मंजुरीतच आलंय सगळं. पोहायला उतरलेत का?"

सबनीसने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"हो म्हण," मी म्हटलं.

"हो. पोहायला उतरलेत."

"पाटी लावलीय तरी? लोक ऐकतच नाहीत हो."

बोट आली. अगदी नवीकोरी, पिवळी, पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव लिहिलेली. पण ती रुंद होती आणि आमची गल्ली अरुंद, आत येईना. गल्लीत गटारावरची झाकणं वाहून गेलेली, खाली कुठे काय आहे ते दिसत नव्हतं. सबनीस पाण्यात उतरला. पायाने चाचपत गटाराची कड शोधायची, तिथे उभं राहायचं आणि एकेकाला हात देऊन पलीकडे काढायचं, असं त्याने चालवलं. रेश्माचं पोर त्याने टोपल्यात घालून डोक्यावर नेलं. मला पाठीवर घेतलं.

"आजी, हळू."

"मी काय करतेय? चालतोयस तू."

बुडालेल्या पत्र्याने त्याची टाच फाटली. बोटीत बसल्यावर त्याने ती बघितली, रुमाल बांधला आणि भिजलेल्या फोनवर बोट फिरवत राहिला. "नकाशा उघडत नाही," म्हणाला.

"बरंय," मी म्हटलं.

पेपरात बातमी आली की सरोवरात मनाई असताना पोहायला गेलेल्या हौशी नागरिकांना पालिकेच्या दक्षतेमुळे जीवदान मिळालं. हौशी नागरिकांत सगळ्यात मोठी मी, पंचाहत्तरीची.

नंतरचे दोन शनिवार सबनीस आला नाही. मला वाटलं, लाज वाटली असेल. त्याला ताप आला होता. डॉक्टरने बायकोला विचारलं, हे साचलेल्या पाण्यातून चालले होते का. ती म्हणाली, छे हो, ते एसीत बसून नकाशे करतात. आमच्याकडचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. उंदराच्या मुतातून येणारा तो ताप आहे हे कळेपर्यंत डोळे पिवळे झाले होते, मूत्रपिंडं बंद पडली होती.

मी ठाण्याला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोला मी कोण ते माहीत नव्हतं. तिने विचारलं, "ते पाण्यात कुठे गेले होते, तुम्हाला माहीत आहे का?" मी सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे ऑफिसात फोन लावून विचारलं. मग म्हणाली, "पण ऑफिसातले म्हणतात, तिथे वस्तीच नाही."

"आहे," मी म्हटलं. "मी तिथेच राहते."

त्या दिवशी चाळीत होतो ते आम्ही सगळे वाचलो. रेश्मा वाचली, तिचं पोर वाचलं, तिचा नवरा वाचला, मी वाचले. सबनीस वाचला नाही.