फोडून पाहिलेलं जहाज

प्रूफकाका दार ठोठावत नसत, थेट लाथ घालत. दार उघडं असलं तरी! माझे हे सख्खे काका जबलपूरच्या एका कारखान्यात तोफगोळ्यांच्या चाचणीवर, म्हणजे तिथल्या भाषेत 'प्रूफ'वर, होते. गोळ्यांची खेप तयार झाली की तिच्यातले थोडे उडवून बघायचे आणि मगच बाकीचे पास करायचे, हे त्यांचं काम. त्या धडाक्यांनी कान गेले आणि स्वभावही पार कामातून गेला.

"जे फोडून पाहिलं नाही ते पास नाही," हाच त्यांचा मंत्र. नवी खुर्ची आणली की आधी आपटणार. काकूच्या माहेरची लोणच्याची बरणी याच न्यायाने गेली. निवृत्तीनंतर त्यांना प्लॅस्टिकची मॉडेलं जोडण्याचं वेड लागलं. रणगाडा असो की लढाऊ विमान, खोकी दोन आणायचे. एक जोडून कपाटात, दुसऱ्याच्या पोटात सुतळी बॉम्ब. मग अंगणात धूर, काकूच्या शिव्या आणि काकांची "पास!" अशी आरोळी. गोहलपूर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीला त्याची सवय झाली होती.

मीच हौसेने त्यांना महायुद्धातल्या विमानवाहू जहाजाचं खोकं आणून दिलं. जहाज हातभर लांब, वर ठेवायची विमानं नखाएवढी. तसं दुसरं मिळालं नाही. काकांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. पहिलंच विमान त्यांनी चिडून भिंतीवर भिरकावलं. "आणा इकडे, राक्षस कुठले!" म्हणत काकूने ते उचललं आणि चिमट्याने पंख बसवला. त्या दिवसापासून दोघं एका टेबलाशी. भांडणं तेवढीच, पण काकूला इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं. जहाज पुरं झालं तेव्हा तिने त्याला चक्क हळदकुंकू लावलं.

आणि काका सुतळी बॉम्ब घेऊन आले.

"अहो, हे एकच आहे! नका ना फोडू!" काकू त्यांच्या दंडाला लोंबकळून कानात ओरडली.

"एक असो का शंभर, टेस्ट म्हणजे टेस्ट!" त्यांनी तिला झटकलं आणि वात पेटवली.

जहाज उभं चिरलं. विमानं पार नालीपर्यंत उडाली. काकूने त्यातलाच एक तुकडा उचलून काकांना फेकून मारला. भुवईतून भळभळा रक्त आलं.

"जन्मभर फोडतच आले तुम्ही! हे एक आपण दोघांनी जोडलं होतं!"

"काय म्हणून राहिली ती?" काकांनी मला विचारलं. माझंही डोकं फिरलं होतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी काकूचा शब्दन् शब्द ओरडले. अख्ख्या गल्लीने ऐकला. काका मटकन खाली बसले आणि रक्त न पुसता मातीतली विमानं वेचू लागले.

मग रोज गोंद, चिमटा आणि तो मोडका सांगाडा. काकू कितीतरी दिवस तिकडे फिरकली नाही. पुढे एकदा समोर येऊन बसली. जहाज निम्मंही झालं नव्हतं तेव्हा, एका सकाळी काका त्याच टेबलावर डोकं टेकून गेलेले सापडले.

तिरडीवर ठेवताना शेजारच्या भैयाला त्यांच्या मुठीतून नखाएवढ्या विमानाचं टोक दिसलं. "भाभीजी, ये निकाल देते हैं," म्हणत तो बोटं सोडवायला लागला. काकूने त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"खबरदार हात लावला तर! जोडून राहिले होते हे."