कष्टाला नऊ गुण

बारामतीत माझ्या धंद्याचं नाव सांगताना मला अजूनही दम लागतो. 'बहुनिकष निर्णय विश्लेषण' म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे शिकवण्या घेता का?" काम तसं साधं आहे. वीज सूर्यापासून घ्यायची, शेणापासून की डिझेलपासून, असा प्रश्न पडला की मी निकष ठरवते, लोकांना विचारून प्रत्येक निकषाला वजन देते, प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण देते आणि गुणाकार-बेरीज करून पहिला नंबर जाहीर करते. एमआयडीसीतले कारखानदार हे ऐकून घेतात आणि वर चहा पाजतात. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या सासरी मात्र कुणी दाद देत नसे. "आमी बी हेच करतो, फक्त बेरीज करत न्हाय," असं मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे.

मामा गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. संस्थेत दूध गार ठेवायची मोठी टाकी होती आणि नेमकी संध्याकाळच्या दुधाला वीज जायची. जुना जनरेटर कधी चालू व्हायचा, कधी नुसता खोकायचा. दूध नासायचं आणि सगळा गाव मामांना शिव्या द्यायचा. शेवटी नाइलाज म्हणून त्यांनी सुनेला बोलावलं.

पर्याय तीन होते: नवा जनरेटर, छपरावर सोलर किंवा गोबरगॅस. गोबरगॅस आला तर प्रत्येक घरातून रोज दोन पाट्या शेण ओढ्यापलीकडच्या माळावर न्यावं लागणार होतं. आमच्या घरून ते कोण नेणार, हे ठरवायला विश्लेषण नको होतं. आत्या, म्हणजे सासूबाई, नेणार. त्यांचा उजवा खांदा वर्षभर धरलेला होता, वेणी घालतानाही हात वर जात नसे. मी निवांत होते. त्यांच्या खांद्याचं काय ते आकडे बघून घेतील, असा माझा ठाम विश्वास होता. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

सभेला तीसेक सभासद जमले, सगळे पुरुष. धारा बायका काढतात, पण वहीत नाव नवऱ्याचं. मी टेबलावर पाच वाट्या मांडल्या: खर्च, भरवसा, जागा, प्रदूषण आणि कष्ट. प्रत्येकाला मक्याचे दहा दाणे दिले आणि सांगितलं, ज्याला जे महत्त्वाचं वाटतं त्या वाटीत त्या हिशेबानं दाणे टाका.

मामांनी उठून दहाच्या दहा दाणे खर्चात टाकले. त्यांच्या गटानं लगेच तेच केलं. ते बघून विरोधी गटाचे तात्या मिशीवरून हात फिरवत उठले आणि दहाही दाणे भरवशात टाकून बसले. मागोमाग त्यांचा गट. सहकारात वाढलेल्या माणसाला पाच वाट्या दिसल्या की पाच उमेदवारच दिसतात, हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

"ही निवडणूक नाही हो," मी कळवळून म्हणाले.

"मग चुरस कशापायी लावली?" तात्यांनी विचारलं.

कुणीतरी तोडगा काढला, पहिली अडीच वर्षं खर्चाला द्या, पुढची अडीच भरवशाला. कष्टाची वाटी रिकामी होती, तर एकजण म्हणाला, "तिला स्वीकृत म्हणून घ्या." अखेर दोन्हीकडची चार जाणती माणसं इमारतीमागं जाऊन आली आणि मामांनी जाहीर केलं, "बिनविरोध केलंय. पाची वाट्यांना सारखंच. कुणी नाराज नको."

मी कपाळाला हात लावला आणि सारखी वजनं घालून बेरीज केली. गोबरगॅस थोडक्यात पहिला आला, सोलर दुसरा. टाळ्या पडल्या. सचिवांनी ठरावाची वही उघडली.

तेवढ्यात आत्या चहाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी ताट टेकवलं, पदर सावरला आणि सचिवांना म्हणाल्या, "ठराव लिवा की. पण शेण कोण नेणार, त्याचं नाव बी लिवा."

सचिवांनी पेन उचललं आणि सभेकडं बघितलं. सभा कपात बघू लागली.

"नेईल की घरातलं कुणी बी," मामा म्हणाले.

"कुणी बी असं नाव न्हाय आपल्या घरात," आत्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "कष्टाचं मार्क कुणी दिलं?"

"मी दिले."

"शेणाला किती?"

"नऊ." ऑफिसात बसून दिले होते. शेजारी शेराही होता: घरचं मनुष्यबळ उपलब्ध, वेगळा मजूर लागणार नाही.

"दहातलं नऊ? म्हंजी सोपंच काम हाय. मग हिचंच लिवा."

सभा खो खो हसली आणि सचिवांनी खरंच लिहिलं. संस्थेच्या ठरावाच्या वहीतलं बाईचं ते पहिलं नाव. मला राग आला, लाजही वाटली, आणि प्लँट बांधायच्या आधीच वाहून दाखवते म्हणून ताठ्यात मी आठ दिवसांची सुट्टी काढली.

रोज दोन पाट्या, ओढा उतरून, माळ चढून. पहिल्या दिवशी शेणाचा ओघळ मानेवरून पाठीत गेला. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटलेल्या तात्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, बेरीज जड हाय का?" चौथ्या दिवशी मला मान वळवता येईना. आत्या संध्याकाळी तेल चोळायच्या, डाव्या हातानं, आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर मला परवडलं असतं.

आठ दिवस भरल्यावर माझ्या सांगण्यावरून मामांनी पुन्हा सभा बोलावली. मी नवाचा एक केला. सोलर पहिला आला, गोबरगॅस तळाला गेला.

"आठ दिसांत नवाचा एक कसा झाला?" मामांनी विचारलं.

"मामा, वाहून बघितलं."

"आता ही तर तीस वरसं शेणाच्या पाट्या उचलतीय," ते आत्यांकडं बोट करून म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. "ही कधी काय बोलली न्हाय."

आत्या कपबशा गोळा करत होत्या. "इचारलं कुणी?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, साखर हवी का विचारावं तसं.

तिथल्या तीस पुरुषांना निदान सांगता तरी आलं असतं की आम्हाला विचारायची सवय नाही. विचारणं हाच जिचा धंदा आहे, अशी त्या सभेत मी एकटीच होते.