अष्टमीचा रस्ता

आबांच्या शेजारच्या लताचा पहिला फोन सकाळी नऊला आला. मी साकीनाक्याला, कारखान्यात होतो. "सुरेशदादा, आबांना दम लागलाय. म्हणतायत, 'अकराच्या आधी माका भायर काढा.' खुर्चीवर बसवून नेऊ का स्टेशनकडे?" बाहेर पाऊस होता. मी म्हटलं, "भिजवू नकोस त्यांना. रुग्णवाहिका पाठवतो, दारात येईल. आता रस्ता आहे ना!"

दुसरा फोन साडेअकराला आला. रुग्णवाहिका रस्त्यावर उभी होती आणि गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. चौघांनी आबांना खुर्चीसकट डोक्यावर उचललं... रस्त्यापर्यंत पोचेतो सगळं संपलं होतं. त्या दिवशी अमावस्या होती, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आबा माझे कुणी नातेवाईक नव्हते. मालवणकडचे दत्ताराम आबा मुलुंडच्या पूर्वेला मिठागरात उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार; भरतीला उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीच्या आधी बंद करायचं. मिठागर बंद पडलं, तिथे भराव पडला, रेल्वेमार्ग आणि दलदल यांच्या मध्ये आमच्या चाळी उभ्या राहिल्या. आबा मात्र तिथेच राहिले. स्टेशनला जायला तेव्हा बांधावरची पाऊलवाट तेवढी होती. चपला पिशवीत घालून निघायचं, स्टेशनबाहेरच्या नळावर पोटऱ्यांपर्यंतचा चिखल धुवायचा आणि मग कामावर. नळावर पाय धुणारा माणूस कुठला, ते सगळ्या स्टेशनला कळायचं. माझी बायको सातव्या महिन्यात त्या बांधावरून घसरली. मूल राहिलं नाही. त्यानंतर मला रस्त्याशिवाय दुसरं काही सुचेना.

भरतीचं गणित मला आबांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अमावस्या-पुनवेला सव्वाअकराच्या सुमाराला उधाण. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे सगळ्यात कमी, पाण्याला जोरच नसतो, आणि दुपारी बाराच्या ओहोटीला तर चिखलाला भेगा दिसतात.

अर्ज करून करून अखेर पाहणीला पालिकेचे साहेब येणार असं ठरलं, तेव्हा दिवस कुठला ते त्यांनी मलाच विचारलं. मी विचार करत बसलो नाही. अष्टमी सांगितली, दुपारी बाराची वेळ सांगितली.

साहेब बूट न भिजवता टोकापर्यंत चालत गेले. म्हणाले, "इथे भरतीचं पाणी येत असेल तर रस्त्याखाली मोठ्या मोऱ्या लागतील, नवा आराखडा लागेल. दोन-चार वर्षं लांबेल काम." मी म्हटलं, "नाही साहेब, पावसात थोडं साचतं, एवढंच. विचारा यांना, जन्म इथे गेलाय त्यांचा." साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रस्तो होऊक व्हयो, सायेब." साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

परतताना आबा माझ्या पुढे चालत होते. मागे न वळता म्हणाले, "आठ पाऊण सहा. बरा शिकलंस." थोडं पुढे जाऊन थांबले. "पण सुरेशा, पाणी खंयसून भायर जातला रे?"

मी म्हटलं, "आबा, आधी रस्ता होऊ तर द्या."

रस्ता झाला. बस आली, रिक्षा आल्या, नळावर पाय धुणारे संपले. माझा सत्कार झाला, नारळ आबांच्या हातून मिळाला. आणि पहिल्याच पावसाळ्यात चाळींत पाणी शिरलं. रस्ता बांधासारखा आडवा पडलेला; त्याच्याखालून खाडीकडे जायला एकच पाइप, आणि उधाणाला त्याच पाइपातून खाडी उलटी आत येते. तोवर मी उंचावरच्या इमारतीत राहायला गेलो होतो. आबा तिथेच होते. दर वर्षी सामान फळीवर चढवायचे. मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. एकदा बोलले असते तर बरं झालं असतं.

तेराव्याला त्यांच्या खोलीत गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ होती आणि तिच्या वर कॅलेंडर, खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. महिन्याच्या सुरुवातीलाच ते प्रत्येक चौकटीत भरतीची वेळ लिहून ठेवायचे. अमावस्येच्या चौकटीत सव्वाअकरा होतं, खाली दोन रेघा.

लताने पान उलटलं. नवा महिना कोरा होता. म्हणाली, "दादा, तुम्हीच लिहा ना. आबा म्हणायचे, गणित फक्त सुरेशला येतं."

मी लिहायला लागलो. अष्टमीपाशी हात थांबला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि सहा लिहिलं.

साहेबांना अष्टमीला का बोलावलं, ते तिला मी अजून सांगितलेलं नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी तिच्याकडे येते.