खारीसाठी शिंपडलेले तिखट

लिहिण्याचा सराव नसताना हे धाडस करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. मिरची कुटल्याचा वास आला की ती सकाळ आठवते. माझ्या मुलीला पाहून गेल्यावर मुलाच्या वडिलांनी कुरखेड्याहून आपल्या शेतातल्या धानाच्या लोंब्यांची जुडी चिमण्यांसाठी पाठविली होती. परसात टांगताच खार ती फस्त करू लागली. पाखरांना तिखट लागत नाही असे वाचून मी लोंब्यांवर मिरचीचे पाणी शिंपडले. पुढे ते मुलासह लग्न ठरवायला आले आणि शेतकऱ्याच्या सवयीने त्यांनी जुडीतला एक दाणा दाताखाली फोडला. डोळ्यांतून पाणीच आले, तसे ते मुलाकडे वळले. “काऊन रे, औषध किती फवारलं? माफ करजा बाई, तुमच्या चिमण्या मेल्या असत्या ना!” असे म्हणत त्यांनी स्वतःच जुडी उतरवली. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. सोयरीक मोडेल या भीतीने मी गप्प बसले. लग्न झाले. अजूनही दर कापणीला जुडी येते आणि सोबत व्याह्यांचा निरोप असतो, “चाखून पाठवलं, बाई.” त्यांना आता खरे कसे सांगावे, आपण सुचवाल का?