आबांचा परस

आमची विहीर सात परस, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. परस म्हणजे दोन्ही हात फाकवून या बोटांपासून त्या बोटांपर्यंत. कुणाचे हात, हे मात्र कुणी विचारत नसे. आबांचे, माझ्या आजोबांचे. मेंढरं विकून ते वडगाव रासाईला नदीकाठी शेती करायला लागले, तेव्हा ही विहीर त्यांनी पाडली आणि भर उन्हाळ्यात पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडून तो आपल्या हातांनी मोजला. आबा ताडमाड, दारातून वाकून आत यायचे.

विहिरीला कठडा नव्हता. कुणी पडलंच तर धरायला काही असावं म्हणून काठावरच्या बाभळीला बांधलेला एक दोर कायम आत सोडलेला असायचा. आमच्यात ही रीतच होती. आबा गेले, मागोमाग तो काथ्याचा जुना दोरही कुजला. नवा आणायला वडील शिक्रापूरला गेले.

दुकानात सगळा कारभार मीटरवर. परस म्हटल्यावर दुकानदार हसला. "मामा, फुटात सांगा की."

वडिलांना ते कुठलं जमायला! "सात परस. घ्या मोजून," म्हणाले आणि भर दुकानात हात पसरून उभे राहिले. त्यानं टेप लावला, सव्वापाच फूट भरले. साताने गुणलं, मीटर केले, वर बाभळीच्या गाठीपुरता जास्तीचा सोडला. घरी येऊन वडिलांनी हे सगळं कौतुकानं सांगितलं होतं. हिशेबात तसूभर चूक नव्हती. जळला मेला तो हिशेब! वडील आजीवर गेलेले, ठेंगणे. आबांची उंची घेतली होती ती धाकट्या काकानं.

पावसाळा, हिवाळा पाणी वर होतं. दोराचं टोक बुडालेलं दिसायचं, म्हणजे झालं. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि टोक वरच लोंबकळत राहिलं. पण वाकून दोर बघायला कुणाला सवड होती?

त्या दुपारी लाइट नव्हती, मोटर बंद. काकी, त्याच धाकट्या काकाची बायको, बादलीनं पाणी शेंदायला गेली आणि काठाच्या ढेकळासकट आत गेली. ती नदीपलीकडची, यवतची. तिला थोडंफार पोहता यायचं. शेजारच्या रानातल्यांनी तिच्या हाका ऐकल्या, पण माणसं पोचेपर्यंत हाका थांबल्या होत्या. तिला काढायला उतरलेला गडी वर येऊन बाभळीखाली बसला. "दोराच्या खालचं समदं शेवाळ खरवडलंय बाईनं," एवढंच बोलला. माझं वय तेव्हा असल्या गोष्टी ऐकायचं नव्हतं. अजूनही नाही.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, तिची वेळ भरली होती. मला असा संताप यायचा! वेळ नव्हती भरली, दोर भरला नव्हता.

तेराव्यानंतर काकानं तो दोर वर ओढला आणि विहिरीच्या काठावर उभं राहून स्वतःच्या हातांनी मोजला. सात परस काही भरेना. वडील शेजारीच उभे होते.

"दादा, हात पसर."

वडिलांनी पसरले. काका छातीला छाती लावून उभा राहिला आणि त्यानंही हात पसरले. त्याचे पंजे दोन्हीकडं वडिलांच्या बोटांच्या पुढं गेले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, भाऊ भाऊ गळ्यात पडतायत.

"मला न्यायचं व्हतं की रं दुकानात," काका म्हणाला.

"न्यायलाच आलतो." वडिलांना हात खाली घ्यायचं सुधरत नव्हतं. "तू रातपाळी करून पडला व्हतास. ती दारात आली. आत्ताच डोळा लागलाय म्हनली, झोपू द्या."