पुढच्या लाँचनं येतेय

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. देवापुढे हात जोडले तरी मी दुसरंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मंदालाही ओळखत नाही.

मंदा कोळीवाड्यातली. माझं पार्लर अलिबागच्या बाजारात, काचेच्या दाराचं. तिचं तिच्याच घराच्या ओटीवर – एक आरसा, एक खुर्ची, मध्ये पडदा. पण नवरी सजवावी तर मंदानंच, असं बायका माझ्या खुर्चीत बसूनसुद्धा म्हणायच्या. आम्ही दोघींनी कोर्स एकत्र केला होता. मैत्रीण म्हणू का तिला? ती मला म्हणते. अजूनही म्हणते.

खूप वर्षांपूर्वी किहीमच्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चाललं होतं. लग्नाचा प्रसंग होता, केस बांधायला माणसं कमी पडली म्हणून मंदाला बोलावणं आलं. तिथं एक नवखी मुलगी होती. नायिकेच्या मैत्रिणीचं काम, दोन-चार वाक्यांचं. मेकअप सोसला नाही, तोंडभर पुरळ उठलं होतं. तुला बदलणार, असं कुणीतरी तिला सांगून टाकलं होतं आणि ती पोर एका कोपऱ्यात बसून रडत होती. मंदानं तिला सरळ घरी नेलं. गार दुधाच्या घड्या ठेवल्या, तांदळाच्या भाकऱ्या करून घातल्या, आपल्या पोरींच्या शेजारी झोपवलं. शूटिंग संपेपर्यंत ती तिथंच राहिली. ती मुलगी आज कोण आहे, ते सांगत नाही. संध्याकाळी टीव्ही लावता ना? मग तुम्ही तिला पाहिलेलं आहे.

आमची तालुक्याची ब्युटिशियन संघटना आहे. मी तेव्हा सेक्रेटरी होते. वार्षिक मेळाव्याला या वेळी टीव्हीवरचंच कुणीतरी आणायचं, असं सगळ्यांच्या मनानं घेतलं होतं. एकीनं फोन उचलला नाही, दुसरीचं मानधन ऐकून आम्हीच फोन ठेवला. मीटिंग उठायच्या बेतात होती, तेव्हा मागून मंदा त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाली, "ती पोरगी माझे वळखीची हाय. पन नंबर न्हाय माझ्याकं. जुना लागत न्हाय."

काही जणी हसल्या. मी हसले नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं सांगावंसं वाटतं – पण हसले नाही म्हणून काय झालं?

खटपट करून मी तिच्या मॅनेजरचा नंबर मिळवला. कोळीवाड्यातल्या मंदाताईंनी बोलावलंय म्हणून सांगा, म्हटलं. तो कंटाळून बरं म्हणाला. आणि दुपारी फोन आला तो तिचा स्वतःचा! "मंदाताई कशा आहेत? मी येते. मानधन वगैरे काही नको हं. मला फक्त त्यांना भेटायचंय."

इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. मंदाचं नाव अगदी जिभेवर होतं. पण 'ती येतेय' एवढं म्हणताच अध्यक्षबाई उठल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली. टाळ्या. सुलभा, कसं गं जमवलंस! आणि मी – मी म्हणाले, "जमवलं कसंतरी."

मंदाही टाळ्या वाजवत होती. जिन्यात तिनं मला गाठलं. "माझा नाव घेतलास काय गो?"

"घेतलं ना," मी म्हणाले. "पण मॅनेजर होता. त्याला काय कळणार?"

तिला ते पटलं. माझं तिला काय पटत नव्हतं?

एकदा असं बोलून बसलं की मग ते राखावं लागतं. मेळाव्याच्या दिवशी पाहुणी मुंबईहून लाँचनं मांडव्याला उतरणार होती. तिला आणायला मी जाते, असं मंदानं सगळ्यांसमोर सांगितलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? दोघी धक्क्यावर भेटल्या की माझं सगळं उघडं पडणार होतं.

सकाळी हॉलवर असताना मॅनेजरचा फोन आला. मॅडम लाँचनं येत नाहीत, गाडीनं येतायत, वडखळवरून. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं. खिडकीतून खाली पाहिलं तर मंदा रिक्षात बसत होती. ठेवणीतलं पातळ, अबोलीचा गजरा, हातात मोठा डबा. मी धावत खाली गेले. तिला थांबवायलाच गेले होते – असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण तिच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "जा, जा. उशीर नको करूस."

पाहुणी आली. गाडीतून उतरता उतरता तिनं विचारलं, "मंदाताई कुठायत?"

"घरी आजारपण आहे. येता नाही आलं त्यांना."

"मग मी घरी जाऊन येऊ?"

"नको, नको. सगळे मुंबईला गेलेत, हॉस्पिटलात."

तिचा चेहरा उतरला. मी तिची पाठ सोडली नाही, कुणाला तिच्याजवळ फार वेळ टिकू दिलं नाही. आम्ही स्टेजवर बसलो होतो आणि माझा फोन थरथरला. मंदा. मी तोंडापुढे पदर धरला.

"सुलभा, आनखी एक लाँच आली गो. ती न्हाय दिसली."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिच्या साडीचा काठ माझ्या गुडघ्याला लागत होता. फोन फक्त पुढे करायचा होता.

"थांब तिथंच," मी म्हणाले. "पुढच्या लाँचनं येतेय."

भाषणात ती मंदाचं नाव घेईल अशी मला धास्ती होती. पण ती थोडकंच बोलली. तिचं मन लागत नव्हतं. बक्षिसं दिली, फोटो काढले. निघताना मंदाचा नंबर मागितला. नंबर बदललाय, पाठवते, असं मी म्हटलं. नंतर मॅनेजरनं त्याबद्दल विचारलंही. मी उत्तर दिलं नाही. मग त्यानं विचारणं सोडून दिलं.

मंदा परत आली तेव्हा आम्ही खुर्च्या आवरत होतो. उन्हानं तोंड रापलं होतं. पाहुणी येऊन गेल्याचं तिला दारातच कुणीतरी सांगितलं. माझ्याजवळ येईपर्यंत मी वाक्य तयार ठेवलं होतं – रस्त्यानं आली गं, माझाच घोळ झाला, मला वाटलं लाँचनंच येतेय. ती रागावली नाही. रागावली असती तर? कुणास ठाऊक, बोललेही असते मी.

तिनं एवढंच विचारलं, "माझी चवकशी केली काय तिनं?"

गाडी अजून वडखळलाही पोचली नसेल. एक फोन केला असता तर ती मागे वळली असती. मला माहीत होतं, ती वळली असती.

"नाही गं," मी म्हणाले. "गर्दी किती होती."

मंदानं मान हलवली. मग डबा उघडला. तळलेली सुरमई, भाकऱ्या. "तिच्यासाठी आनलेला. खराब व्हईल. खा सगल्यांनी." सगळ्या भुकेल्या होत्या. मीही खाल्लं. चव चांगली होती, तेही आठवतंय.

पूर्वी प्रत्येक नवरीला सजवताना मंदा त्या पोरीची गोष्ट सांगायची. त्या दिवसानंतर बंद झाली. तिची मुलगी मला सहज म्हणाली होती, आई तिची मालिका लागली की उठून ओटीवर जाऊन बसते.

त्या मेळाव्यामुळे माझं नाव झालं. पुढच्या निवडणुकीत मी अध्यक्ष झाले. अजून आहे.

मागच्या आठवड्यात मीटिंग होती. पुन्हा पाहुण्यांचा विषय निघाला. एक नवीन मुलगी उत्साहानं म्हणाली, मॅडम, त्यांनाच बोलवू या की, तुमची तर ओळख आहे. आणि मी काय बोलले, ऐका. मी म्हणाले, "नको. फार शिष्ट बाई आहे. आपल्या मंदाची साधी विचारपूससुद्धा केली नाही तिनं."

हे मी मंदाच्या समोर बोलले. सगळ्यांच्या समोर.

मागच्या रांगेतून मंदा म्हणाली, "असा नको बोलू गो तिला. कामाची मानसं ती, ऱ्हात न्हाय ध्यानात. पोरगी वायट नव्हती."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"बरं," मी म्हणाले, "पुढचा विषय घेऊ या."

आणि घेतला.